वावरातलं इलेक्ट्रॉनिक नगर

नागपूरहून परत आलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. ऊन कसं होतं आणि संत्री आणलीत का? ऊन होतं. संत्रीही आणली, चांगली ओटी भरून आणली. पण ती मी विकत घेतलेली नाहीत, आणि ती कशी मिळाली हे सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि घरातले एकेक करून कामं काढून उठतात. म्हणून लिहून काढते. कागदाला उठून जाता येत नाही.

आधी मी तिथे गेले कशाला ते सांगते. पुण्यात माझा लहानसा कारखाना आहे. यजमान बँकेत, कारखाना माझा. भाड्याच्या शेडमध्ये आम्ही ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो. हल्ली घरोघरी रंगीत टीव्ही आले आणि टीव्ही जळू नये म्हणून शेजारी स्टॅबिलायझर आला, त्या स्टॅबिलायझरच्या पोटात तांब्याच्या तारेची जी गुंडाळी असते ती आमच्याकडची असते. गुंडाळणाऱ्या सगळ्या बायका. काम चांगलं चाललं होतं, म्हणूनच की काय, शेडच्या मालकाला तिथे मंगल कार्यालय काढायची बुद्धी झाली. दिवाळीपर्यंत जागा सोडा म्हणाला.

पुण्यात दुसरी जागा मिळेना. जिथे अर्ज करावा तिथे एकच उत्तर. पुण्यात कारखान्यांची गर्दी झाली, आता तुम्ही मागास भागात जा. अशात एका हॉलमध्ये उद्योजकांची सभा भरली. नागपूरहून एक अधिकारी आले होते. त्यांचं नाव लिहीत नाही, पण ते अखंड हसत असत, म्हणून मी त्यांना हसरे साहेब म्हणते. त्यांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. नागपूरजवळ इलेक्ट्रॉनिक नगर उभं राहतंय. रुंद रस्ते, ओळीनं कारखाने, मध्ये हिरवळ, हिरवळीत कारंजं. समोरच्या गल्लीत टीव्ही होणार, शेजारी स्टॅबिलायझर होणार, त्याला लागणारा ट्रान्सफॉर्मर तुम्ही करणार. "माल नुसता रस्ता ओलांडून द्यायचा, ताई," असं म्हणून ते हसले.

मला मोह पडला. का पडू नये? दिवाळीनंतर माझी यंत्रं आणि माझ्या बायका कुठे बसणार, या विचारानं माझी झोप उडाली होती. मी साहेबांना म्हटलं, "पाहायला येते." लक्षात ठेवा, पाहायला येते असं म्हटलं होतं.

सीताबर्डी

माझ्याबरोबर यमुनाबाई आल्या. या आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या, सासवडच्या. त्या हलल्या तर निम्म्या बायका हलतील हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी बजावलं होतं, "वहिनी, जागा माझ्या डोळ्यांनी बघितल्याबिगर म्या व्हय म्हणायची न्हाय." गाडीतला प्रवास सांगण्यासारखा नव्हता. धूळ, चहा आणि पुन्हा धूळ.

सीताबर्डीत एका लॉजवर उतरलो आणि सकाळी पोहे खायला खाली आलो. आता पोहे म्हणजे आम्हाला काय नवीन? पण इथे गाडीवाल्यानं पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री ओतली, वर चिवडा, वर कांदा. यमुनाबाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. सासवडची बाई तिखटाला भीत नाही. पण ही तर्री वेगळ्याच जातीची होती. गाडीवाला काळजीनं म्हणाला, "काहून वं माय, तिखट झालं का? थांबा, अजून थोडी देतो, मंग नाई लागत." आणि खरंच आणखी तर्री ओतली! पुण्यात जास्तीची चटणी मागितली तर दुकानदार आपल्या वडिलांची इस्टेट मागितल्यासारखा बघतो. इथे न मागता वाढतात, आणि नाही म्हटलं तर दुखावतात. नागपूरचं आणि माझं पहिल्या सकाळीच जमलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचा माझा राग नागपूरवर नाही.

दहा वाजता हसऱ्या साहेबांच्या कार्यालयात गेलो. भिंतभर नकाशा होता. त्यावर निळे, पिवळे, गुलाबी चौकोन. साहेबांनी छडीनं एक गुलाबी चौकोन दाखवला. "हा तुमचा."

"माझा? अजून कुठे?"

"म्हणजे, आवडला तर. जीप देतो, बघून या."

मी विचारलं, "तिथे आत्ता किती कारखाने सुरू आहेत?"

साहेब हसले. "ताई, नगर वसतंय. वसताना कसं मोजणार?"

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण जागेची गरज असलेल्या माणसाला शंका उशिरा येते.

कळमेश्वरच्या पुढे

जीप चालवणारा सुखदेव नावाचा पस्तिशीचा माणूस होता. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, शर्टाच्या खिशाला निळा पेन, आणि समोरच्या काचेपाशी बाबासाहेबांचा लहानसा फोटो. दीक्षाभूमीवरून जाताना त्यानं जीप हळू केली. "माह्या बापानं इथंच दीक्षा घेतली, बाई. मी तवा त्याच्या खांद्यावर होतो म्हणते. मले काही आठवत नाई, पण गर्दी आठवते."

फाल्गुन अर्धा संपला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस नुसता पेटला होता, पान नाही, सगळी फुलंच. गहू पिवळा पडला होता. मधूनमधून संत्र्याच्या बागा, गडद हिरव्या, आणि मृग बहराची शेवटची फळं तोडून रस्त्याकडेला ढीग घातलेले. यमुनाबाई खूश. डोक्यावरून विजेच्या जाडजूड तारा चालल्या होत्या. सुखदेव म्हणाला, "खापरखेड्याची वीज जी. माहा भाऊ तिथंच हाये कामाले." मला धीर आला. वीज डोक्यावरून जाते म्हणजे कारखान्याला वीज असणार, असं मी मनात धरलं. कळमेश्वर आलं. तिथे कारखाने होते, भोंगा वाजत होता, कामगार सायकलींवरून चालले होते. मी म्हटलं, बस, असंच हवं. पण जीप थांबेना. डांबरी रस्ता संपला, खडीचा लागला, खडीचा संपला आणि बैलगाडीची चाकोरी लागली.

"सुखदेव, नगर कुठे आहे?"

"हे काय, आलं."

समोर एक मोठा लोखंडी फलक होता. त्यावर तेच चित्र, तेच कारंजं. कारंज्याच्या जागी गंज चढला होता. फलकामागे एक पडीक शेत. भोवती सगळीकडे गहू, संत्री, तुरीचे काढून ठेवलेले ढीग. आणि मधोमध हा एवढा मोठा तुकडा गवताचा, काट्यांचा, रुईच्या झुडपांचा. त्याच्या मध्यावर एक गुळगुळीत काळी कोनशिला, आणि कोनशिलेपुढे मातीची पणती. बाकी तिथे काहीही नव्हतं. गल्ली नाही, खांब नाही, नळ नाही. डोक्यावरच्या तारा तशाच पुढे निघून गेल्या होत्या.

यमुनाबाईंनी खाली वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली. "वहिनी, ही धूळ तारेवर बसली की झालं आपलं काम."

मी फलकाला वळसा घालून बघितलं. मागच्या बाजूला चित्रसुद्धा नव्हतं.

शेजारच्या संत्र्याच्या झाडांतून एक म्हातारा आणि त्याची बायको लगबगीनं आली. म्हाताऱ्याच्या डोक्याला पांढरा दुपट्टा, अंगात बंडी. सुखदेवनं ओळख करून दिली. हे काशीनाथजी, या गिरजाबाई, वावर यांचंच. शेताला इकडे वावर म्हणतात. मी कारखानावाली म्हणून कळताच म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मलाच खाली बघावंसं वाटलं.

"आले जी शेवटी! मी म्हणत होतो इले, येतीन. अवं, बाज टाक. पाणी आण."

झाडाखाली बाज आली, पाणी आलं, गूळ आला. मग जेवण. जेवणाला नाही म्हणायची सोय नव्हती. ज्वारीची भाकर, पाटवडीचा रस्सा, ठेचा, आणि सांबारवडी. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर; मी डाळीच्या सांबाराची वाट बघत बसले होते, गिरजाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. घास हातात धरून मी विचारलं, "काशीनाथजी, सगळीकडे पीक आहे. हाच तुकडा पडीक का?"

त्यांनी मी काही भलतंच विचारल्यासारखं बघितलं. "तिथी पूजा झाली ना जी."

मग त्यांनी सांगितलं. चार वर्षांमागे मुंबईचा एक टीव्ही करणारा शेठ आला होता. मांडव पडला, भूमिपूजन झालं, मोठे पाहुणे येऊन गेले. कारखाना निघेपर्यंत जमीन तुमचीच, असं कार्यालयानं सांगितलं होतं. शेठ जो गेला तो आलाच नाही. जमीन कोणी घेतलीही नाही आणि कोणी अडवलीही नाही.

"मग पेरली का नाही?"

"काहून म्हणजे? देव बसेल हाय तिथी. पूजा लागली, आरती लागली, अन् पाहुण्याले इमान गाठाची घाई झाली. सारे उठले अन् गाडीत बसले. गुर्जीबी त्याइच्याच गाडीत. उत्तरपूजा झालीच नाई. बसवेल देव उठवला नाई कोनं. आता त्याच्या आंगावरून मी नांगर नेऊ का?"

गिरजाबाई म्हणाल्या, "म्या रोज दिवा लावला तिथी. कारखाना येईन तवा येईन. देवाले अंधारात काहून ठेवाव?"

आणि मग त्यांच्या मुलीची गोष्ट. कारखाना निघाला की घरातल्या एकाला काम मिळणार म्हणून पोरीनं नागपूरला राहून रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला. दोन वर्षं वाट बघितली. मग लग्न करून दिलं. आता वर्ध्याला असते, शेणी थापते. हे सांगताना त्या बाईच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार मलाच करावीशी वाटली.

परतताना सुखदेवनं खर्रा थुंकला. मग म्हणाला, "आमी तर पूजा-बिजा सोडली, बाई. पण ह्या म्हाताऱ्याचं पाहून मले बी राग येते. देव ह्यानं नाई बोलावला. ज्यानं बोलावला त्यानं त्याले चहा-पानी विचारून घरी पाठवाव ना. हे काय, बसवून पळून जानं?"

मी संध्याकाळी कार्यालयात गेले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. हसऱ्या साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले. नेहमीचं हसणं नव्हे, पोट धरून हसले.

"अहो ताई, आम्ही त्याला कुठं अडवलं होतं? खुशाल पेरायचं! हे लोक असे भोळे, म्हणून तर मागास राहिले."

मी टेबलावर हात आपटला. दौत कलंडली आणि त्यांच्या गुलाबी चौकोनांच्या छोट्या नकाशावर निळा डाग पसरला. मला वाईट वाटलं नाही. मी म्हटलं, "तुमच्या नगरात एक तरी कारखाना येणार आहे का? एक दाखवा. एक आला तर दुसरा माझा."

का म्हटलं? कारण दिवाळी डोळ्यांसमोर होती. राग खरा होता आणि गरजही खरी होती. एखादा शेजारी असता, एक खांब, एक नळ असता, तर मी त्या धुळीतसुद्धा शेड बांधलं असतं.

साहेबांनी डाग टिपत म्हटलं, "उद्याच भूमिपूजन आहे एका कारखान्याचं. मोठे पाहुणे येताहेत. या, म्हणजे खात्री पटेल."

"कोणाचा कारखाना?"

"उद्या कळेलच की."

मांडव

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा ऊन चटचट भाजत होतं. काल जिथे बाज टाकून जेवलो होतो त्या संत्र्याच्या झाडांना लागून मांडव घातला होता. खुर्च्या, लाउडस्पीकर, केळीचे खांब. मांडवापुढे गिरजाबाईंनी सडा घालून रांगोळी काढली होती. काशीनाथजी नवं धोतर नेसून उभे. आणि मांडवाच्या तोंडाशी लाल कापडावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, पुण्याच्या कारखान्याचे नागपुरात हार्दिक स्वागत. खाली माझ्या कारखान्याचं नाव.

मी ते दोनदा वाचलं. यमुनाबाईंना वाचता येत नाही, पण माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "काय वहिनी, वाईट लिव्हलंय का?"

साहेब हार घेऊन पुढे आले. "सरप्राइज, ताई!"

"मी पाहायला आले होते."

"पाहिलंत ना? आता फक्त एक नारळ. शेड कधी बांधायचं ते तुमच्या सवडीनं. नाही बांधलं तरी आम्ही काय तुरुंगात टाकणार आहोत? पाहुण्यांना काहीतरी झालेलं दिसायला हवं."

माणसं इतकी सहज असं बोलू शकतात यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. मी काशीनाथजींकडे गेले. "हा तुकडा कोणता? इथे तर तुमची झाडं आहेत."

"हे उरलेलं वावर जी. पूजा झाली का हे बी देवाचं." ते शांतपणे म्हणाले. "झाडं उभी राहतीन, पण मंग पानी नाई देता येत, खांदनी नाई करता येत. चालते. तुमी तरी याल ना? तुमी शेठसारख्या नाई दिसत."

"आणि खाल काय?"

त्यांनी गिरजाबाईंकडे बघितलं. गिरजाबाई रांगोळीत हळद भरत होत्या. "पूजेले नाई कसं म्हनाव, बाई," त्या म्हणाल्या, "दारी आलेल्या देवाले नाई म्हनतात का कोनी?"

मांडवात गुरुजी पाटावर बसून समया पुसत होते, पन्नाशीचे, घामाघूम झालेले. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"गुरुजी, चार वर्षांमागे तिकडची पूजा कोणी सांगितली होती?"

ते चपापले. "मीच."

"उत्तरपूजा केली होती?"

गुरुजींनी समई खाली ठेवली. साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "राहिली, बाई. पाहुण्यांच्या गाडीतून गेलो नसतो तर नागपूरले परत जायची सोय नव्हती. मले वाटलं शेठ आपल्या आपण करून घेईल. तेव्हापासून मनाले लागून आहे, खोटं नाही सांगत."

"मग आज करा. तिकडची."

"यजमान नाही ना, बाई. ज्याच्या हातून पूजा झाली त्याचा कारखाना—"

"कारखानावाली मी आहे. त्या कापडावर लिहिलंय. शेठच्या जागी मला धरा. चालतं का?"

गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. "संकल्पात तसं म्हणता येतं," ते म्हणाले आणि तबक घेऊन उठलेसुद्धा.

साहेब धावले. "ताई, ताई! तिकडं नाही, इकडं! पाहुणे अर्ध्या तासात येताहेत!"

"येऊ देत. त्यांना काहीतरी झालेलं दिसायला हवं ना? दिसेल."

"तुम्हाला प्लॉट मिळणार नाही हं. हा नाही आणि दुसराही नाही. मी शिफारस मागे घेईन."

हे त्यांनी हसत नाही, दात आवळून म्हटलं. खरं सांगते, माझे पाय तिथेच थबकले. दिवाळी आठवली. शेडच्या मालकाचा चेहरा आठवला. आमची यंत्रं एखाद्या गोदामात ताडपत्रीखाली पडलेली दिसली. मी यमुनाबाईंकडे बघितलं. त्या मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, माझ्याकडं काय बघताय? मला हितली धूळ न्हाय आवडली. चला, पाय भाजाया लागलं."

आम्ही पडीक वावरात गेलो. काट्यांतून वाट काढत सुखदेव पुढे, हातात पाण्याची घागर. "मी पूजा नाई करत," त्यानं जाता जाता बजावलं, "पानी धरतो नुसतं." कोनशिलेपुढे पाट मांडला. कोनशिलेवर कोणाकोणाची नावं होती ती मी वाचली नाहीत. गुरुजींनी मंत्र म्हटले. लाउडस्पीकर नव्हता, त्यामुळे ऐकू आले. मी हळदकुंकू वाहिलं, गिरजाबाईंनी निरांजन ओवाळलं. काशीनाथजी हात जोडून उभे होते. मग गुरुजींनी माझ्या हातात अक्षता दिल्या. "म्हणा, आता आपल्या स्थानी परत जावं."

मी म्हटलं. देवाला असं स्पष्ट जा म्हणायची माझी पहिलीच वेळ. घरी गणपतीला म्हणताना पुढच्या वर्षी या म्हणतो. इथे ते म्हणवेना. मी मनात म्हटलं, देवा, परत येऊ नकोस. निदान या लोकांच्या मांडवात तरी बसू नकोस.

अक्षता पडल्या. गुरुजींनी कलश हलवला. "उठला," ते म्हणाले.

काशीनाथजींनी विचारलं, "खरंच ना जी?"

"खरंच. आता तुमची भुई मोकळी."

काशीनाथजी तडक झाडांमागे गेले आणि थोड्या वेळानं बैल घेऊन आले, मागे नांगर. अंगावरचं नवं धोतर तसंच, फक्त वर खोचलेलं. एवढ्या उन्हात कोणी नांगर धरत नाही. सुखदेव म्हणाला, "काशीनाथजी, उद्या सकाळी धरा ना, नाईतं सावली तरी होऊ द्या." पण त्यांना ते ऐकू गेलं नाही.

बैल धुऱ्यापाशी आले आणि वळले. धुरा म्हणजे वावराचा बांध. काशीनाथजींनी पुन्हा हाकलले. ते पुन्हा तिथपर्यंत आले आणि सवयीनं डावीकडे वळले. त्यांना तेवढंच माहीत होतं. इथे थांबायचं, इथून वळायचं. पुराणीचा, म्हणजे बैल हाकायच्या काठीचा, टोच नाही, शिवी नाही, म्हाताऱ्यानं नांगर सोडला, पुढे गेले, बैलांच्या गळ्यात हात घातला आणि हळू आवाजात काही सांगितलं. तरी ते आत येईनात. मग गिरजाबाई गेल्या. मघाचंच कुंकू त्यांनी बैलांच्या कपाळाला लावलं, वेसण धरली आणि पाठमोऱ्या चालत, त्यांच्याकडे बघत बघत, त्यांना धुऱ्यावरून आत आणलं. नांगर मातीत शिरला तेव्हा आवाज झाला. चार वर्षांची भुई होती, कडक. ढेकळं अशी उलटली की खालची काळी माती ओली दिसली.

तेवढ्यात रस्त्यावर धूळ उडाली आणि पाहुण्यांची गाडी आली. फलकापाशी थांबली. काच खाली झाली. हसरे साहेब पळत गेले, वाकून काहीतरी बोलले. काच वर झाली आणि गाडी वळून निघून गेली. साहेब हार हातात धरून धुळीत उभे राहिले. मांडवात लाउडस्पीकरवर कोणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं.

निघताना गिरजाबाईंनी मला पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. खण नव्हता, तांदूळ नव्हते, संत्री होती. एकेक करून पदर भरला, तरी थांबेनात. मग एकदम थांबल्या. "बाई, मंग तुमचा कारखाना?"

"तो इथे नाही होणार."

"तुमाले जागा पाहिजे होती ना?"

मी म्हटलं, हो, पाहिजे होती. आणि तिथे, त्या परक्या बाईसमोर, मला रडू आलं. रागानं आलं असं मी सगळ्यांना सांगते.

पुण्यात परत

हे लिहितेय तेव्हा मृग लागून गेला आहे. जागा अजून मिळालेली नाही. मालक दर आठवड्याला येतो आणि शेडची लांबी पावलांनी मोजतो, बोहल्याची जागा नक्की करतो. हसऱ्या साहेबांची आणखी एक सभा पुण्यात झाली असं ऐकलं. तेच चित्र होतं म्हणे, तेच कारंजं, आणि तेच हसू. मला बोलावणं नव्हतं. असतं तर गेले असते आणि मागच्या रांगेतून उभी राहून सांगितलं असतं, कोणी जाणार असाल तर जाताना आपला देव बरोबर घेऊन जा आणि येताना बरोबर घेऊन या.

आलो त्या दिवशी बायका यंत्रं थांबवून भोवती जमल्या होत्या. मी संत्री वाटली. एकीनं साल काढता काढता विचारलं, "वहिनी, जागा कशी होती?"

मी तोंड उघडायच्या आधी यमुनाबाईच म्हणाल्या, "जागा झकास हाय. काळी माती, गुडघ्याएवढी. आता पाऊस पडला की तूर पेरतील."

मग त्यांनी हात पुसले आणि आपल्या यंत्रावर जाऊन बसल्या.